नोटीस आली की आधी तारीख बघा, बीपीची गोळी नंतर

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा आल्याची बातमी वाचली. त्यात संघटनेचं म्हणणं होतं, खात्याचं म्हणणं होतं, आकडे होते, पण नोटीस हातात पडल्यावर त्या दुकानदाराने नक्की करायचं काय यावर एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र. पुण्यात तपकीर गल्लीत आमचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, वायर, स्विच, एमसीबी, केसिंग पट्टी, दिवाळीत माळा. मी सीए नाही, वकील नाही, बी.कॉम. झालोय तेही ४० वर्षांपूर्वी, पण एक नोटीस अंगावर घेऊन तिचा शेवट बघितलाय आणि त्यात कुठे चुकलो ते नीट लक्षात आहे.

गोष्ट २०२३ ची. जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ ला आणि २०१७-१८ या पहिल्याच वर्षाच्या टॅक्स मागणीच्या ऑर्डरी खात्याने काढायची शेवटची तारीख होती ३१ डिसेंबर २०२३. ऑर्डरच्या तीन महिने आधी नोटीस द्यावी लागते, म्हणजे सप्टेंबरअखेर. त्यामुळे त्या सप्टेंबरमध्ये जीएसटीच्या पोर्टलवर नोटिसांचा नुसता पाऊस पडला आणि त्यातली एक माझी. तारीख २७ सप्टेंबर, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशीची. दुसऱ्या दिवशी मिरवणूक, रस्ते बंद, गल्ली बंद, आम्ही सगळे लक्ष्मी रोडला गणपती बघत उभे आणि तिकडे आमच्या नावाची डीआरसी-०१, म्हणजे टॅक्स मागणीची नोटीस, पोर्टलवर येऊन बसलेली. मला कळलं कधी? १६ ऑक्टोबरला. तेही अकाउंटचं काम बघणारा पोरगा थ्री-बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायला बसला आणि त्याने सहज दुसऱ्या मेनूत डोकावलं म्हणून.

हा दुसरा मेनू म्हणजे काय ते सांगतो कारण निम्मा घोळ इथेच आहे. पोर्टलवर लॉगिन केलं की सर्व्हिसेसमध्ये युजर सर्व्हिसेस, त्यात एक 'व्ह्यू नोटिसेस अँड ऑर्डर्स' आणि एक 'व्ह्यू ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स'. आता सांगा, ॲडिशनल म्हणल्यावर कोण बघणार, ॲडिशनल म्हणजे वरचं, जादाचं असं आपल्याला वाटतं, आणि खऱ्या महत्त्वाच्या नोटिसा तिथेच सापडायच्या. कागद घरी येत नाही. कायद्याच्या १६९ कलमात नोटीस बजावायचे बरेच मार्ग दिलेत, पोस्टाने, हातोहात, ईमेलने, पण त्यातला एक मार्ग पोर्टलवर टाकणं हाही आहे, म्हणून खातं म्हणतं आम्ही बजावली. मद्रास हायकोर्टाने अशा कितीतरी केसेस परत पाठवल्यात, बिचाऱ्याला नोटीस दिसलीच नाही म्हणून, पण हायकोर्टापर्यंत जाणार कोण, तपकीर गल्लीतला माणूस?

ईमेल आला असेल, एसएमएस आला असेल, नाही म्हणत नाही. पण रजिस्ट्रेशनच्या वेळी, २०१७ ला, घाईगडबडीत आमच्या तेव्हाच्या अकाउंटंटने स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा मोबाईल टाकून ठेवलेला. तो माणूस आमचं काम सोडून तीन वर्षं झाली होती. नंतर पोरग्याने खोदून काढलं तर डीआरसीच्या आधी एप्रिलमध्ये एएसएमटी-१० पण आलेली होती. ती म्हणजे स्क्रुटिनीची, रिटर्नच्या छाननीची, की बाबा तुझ्या रिटर्नमध्ये हा हा फरक दिसतोय, सांग काय ते, ३० दिवसांत. त्याच पायरीवर एएसएमटी-११ मध्ये उत्तर दिलं असतं आणि साहेबाला पटलं असतं तर एएसएमटी-१२ निघून विषय तिथेच मिटला असता. आम्हाला ती दिसलीच नाही. त्यांच्या दृष्टीने आम्ही गप्प बसलो, आणि गप्प बसणाऱ्याची फाईल पुढे सरकते.

गल्लीत विचारा, दहातल्या चार दुकानांच्या पोर्टलवर अजून कुणातरी जुन्या अकाउंटंटचा नाहीतर भाच्याचा नंबर निघेल. आज संध्याकाळी बदलून टाका, ओटीपीचं काम आहे.

तर मागणी काय होती? आम्ही थ्री-बी मध्ये खरेदीवर दिलेल्या टॅक्सचं जे क्रेडिट, म्हणजे वजावट, घेतलं आणि टू-ए मध्ये, म्हणजे सप्लायरच्या रिटर्नवरून पोर्टल बनवतं त्या खरेदीच्या यादीत, जे दिसत होतं त्यात १,८६,४०० रुपयांचा फरक. वर व्याज, वर दंड. पहिले दोन दिवस मी काहीच केलं नाही. खरं सांगतो, दुकानात बसून नुसता आकडा बघत होतो, बीपीची गोळी दोनदा घेतली आणि बायकोला सांगितलंच नाही. बाहेर सीझन, माळांची गिऱ्हाईकं, नवरात्र चालू, दसरा २४ तारखेला, आणि उत्तराची मुदत २७ ऑक्टोबर. अकरा दिवस, त्यातले दोन मी असे घालवले.

तिसऱ्या दिवशी मी काय केलं असेल तर रात्री बसून दोन पानी उत्तर लिहून काढलं. त्यात वडिलांनी दुकान कसं उभं केलं, आम्ही आजवर एक रुपयाही कसा बुडवला नाही, कोरोनात काय हाल झाले, सगळं. सीए मॅडमकडे नेलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, काका, हे आत्मचरित्र आहे, रिप्लाय नाही. साहेबाला तुमच्या वडिलांबद्दल आदरच असेल, पण त्याने १,८६,४०० विचारलेत, तुम्ही १,८६,४०० चंच उत्तर द्या.

मग त्यांनी शिकवलं ते असं, की फरक फोडायचा. एकूण आकड्याकडे बघून माणूस घाबरतो, फोडला की दिसतं की हा तीनच सप्लायरचा आहे. हिशोबाच्या टॅली सॉफ्टवेअरमधून वर्षाची खरेदी काढली, पोर्टलवरून टू-ए उतरवून घेतलं, एक्सेलमध्ये शेजारी शेजारी लावलं आणि बिल नंबरावर टिक मारत गेलो. पहाटे दोन वाजता चित्र समोर आलं. लोहार चाळीतल्या मुंबईच्या एका पार्टीचे ८८,२००. नाना पेठेतल्या एकाचे ४२,८००. आणि ५५,४०० अशा एका माणसाचे जो धंदा बंद करून गावाला निघून गेलाय.

लोहार चाळीवाल्याने आमची बिलं रिटर्नमध्ये बी-टू-सी मध्ये, म्हणजे किरकोळ गिऱ्हाइकांच्या विक्रीत टाकलेली, म्हणजे टॅक्स भरला पण आमचा जीएसटी नंबर लावला नाही. नाना पेठवाल्याने नंबर लावला पण माझ्या भावाच्या फर्मचा, दोघांची आडनावं एक आणि गल्ली एक, क्लार्कने खालीवर केलं. या दोन्ही चुका पहिल्या वर्षी सर्रास झाल्यात, कुणाला काही कळत नव्हतं, जीएसटीआर-२ नावाचं जे रिटर्न खरेदी जुळवायला होतं ते सरकारनेच जुलै २०१७ नंतर गुंडाळून ठेवलं. आणि हे सरकारलाही माहिती आहे, म्हणून २७ डिसेंबर २०२२ ला १८३ नंबरचं सर्क्युलर निघालं, खास २०१७-१८ आणि २०१८-१९ साठी. त्यात याच चुका लिहिल्यात, बी-टू-सी मध्ये टाकलं, नंबर चुकला, एखादं बिल दाखवायचं राहिलं. अशा वेळी एका सप्लायरचा वर्षाचा फरक ५ लाखांच्या वर असेल तर त्याच्या सीएचं किंवा कॉस्ट अकाउंटंटचं सर्टिफिकेट आणा, ५ लाखांच्या आत असेल तर त्या सप्लायरने स्वतः लिहून दिलं तरी चालेल. आमच्या गल्लीत हे सर्क्युलर किती जणांना माहिती होतं? मला तरी नव्हतं. नोटिशीत त्याचा उल्लेखही नव्हता.

आता ते सर्टिफिकेट आणणं हा वेगळाच प्रकार. दसऱ्याच्या आधी सकाळच्या सिंहगड एक्सप्रेसने मुंबई गाठली, सीएसएमटीवरून चालत लोहार चाळ. शेठ ओळखीचे, चहा मागवला, कागद बघितला आणि गप्प. म्हणे, आम्ही असं लिहून दिलं आणि उद्या आमचीच फाईल निघाली तर? मी म्हणलं, तुम्ही टॅक्स भरलाय ना, मग फक्त भरलाय एवढंच लिहा. अर्धा तास झाला तरी सही होईना. शेवटी मी माळांची ८० हजारांची ऑर्डर तिथल्या तिथे लिहिली, तेव्हा लेटरहेड बाहेर आलं. त्या माळांमधल्या निम्म्या पुढच्या वर्षीपर्यंत गोडाऊनला पडून होत्या, तो खर्च मी नोटिशीच्या खात्यातच धरतो.

बिलांचं तर विचारूच नका. जुना अकाउंटंट अरण्येश्वरला राहायचा, तळमजला, आणि २०१७-१८ च्या बॉक्स फायली त्याच्याकडे. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकर विसरले नसतील, आंबिल ओढ्याने काय केलं ते. फायली चिखलात. तेव्हा आम्ही म्हणलं, जाऊदे, माणसं वाचली. ते बरोबरच होतं, पण कायदा म्हणतो की हिशोबाचे कागद वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवा, आणि २०१७-१८ च्या वार्षिक रिटर्नची तारीख सरकारनेच पुढे ढकलत ढकलत फेब्रुवारी २०२० पर्यंत नेली, म्हणजे बिलं धरून ठेवायची २०२६ च्या फेब्रुवारीपर्यंत. नशीब एवढंच की अकाउंटंटने तेव्हा तलाठ्याचा पंचनामा करून घेतलेला आणि त्यात 'दप्तर भिजले' असं एक वाक्य होतं. त्याची झेरॉक्स जोडली, सप्लायरकडून बिलांच्या डुप्लिकेट आणल्या, बँकेचं स्टेटमेंट लावलं आणि प्रत्येक बिलासमोर पैसे कुठल्या तारखेला कुठल्या चेकने दिले ते लिहिलं. मला विचाराल तर सगळ्यात जास्त वजन या बँक स्टेटमेंटलाच मिळालं. बिल कुणीही छापतं, चेक खोटा पास होत नाही.

उत्तर डीआरसी-०६ मध्ये अपलोड केलं २६ तारखेच्या रात्री. फाईल मोठी म्हणून पोर्टल घेईना, स्कॅन परत काळ्यापांढऱ्यात केले, तुकडे केले, मग गेलं. एक गोष्ट मॅडमनी बजावून सांगितलेली की पर्सनल हिअरिंग पाहिजे का असा पर्याय येतो तिथे 'हो' करायचं, कितीही भीती वाटली तरी. मागितल्यावर सुनावणी द्यावीच लागते, आणि तारीख जमत नसेल तर कारण देऊन पुढची मागता येते, जास्तीत जास्त तीनदा. एआरएन, म्हणजे पोचेचा नंबर, आला त्याची प्रिंट काढून देवघराशेजारच्या कपाटात ठेवली.

सुनावणीला साहेब चांगले निघाले, हे पण लिहिलं पाहिजे. त्यांनी एकच वेगळा प्रश्न विचारला, की नोव्हेंबर-डिसेंबर २०१७ ला तुमचं क्रेडिट जास्त आणि विक्रीवरचा टॅक्स कमी कसा? मी म्हणलं साहेब, १५ नोव्हेंबरला वायर-स्विच २८ टक्क्यांवरून १८ वर आले, माल भरला २८ ने आणि विकला १८ ने. त्यांनी मान हलवली, लिहून घेतलं, संपलं. जो माणूस रोज तो माल विकतो त्याला जे दोन मिनिटात सांगता येतं ते वकिलाला अर्धा तास सांगावं लागतं, म्हणून सुनावणीला स्वतः जावं असं माझं मत.

डिसेंबरअखेर डीआरसी-०७, म्हणजे ऑर्डर, आली. १,३१,००० ची मागणी काढून टाकली. गावाला गेलेल्या माणसाचे ५५,४०० मात्र कायम, कारण १६ (२)(सी) कलम म्हणतं की विकणाऱ्याने सरकारात टॅक्स भरला असेल तरच घेणाऱ्याला क्रेडिट. मी त्याला टॅक्ससकट चेकने पैसे दिले, माल आला, विकला, त्यावर पुन्हा टॅक्स भरला, आणि त्याने भरला नाही म्हणून मी परत भरायचा. पोलिसात तक्रार असती तर चोराला सोडून ज्याची चोरी झाली त्याच्याकडूनच वसुली असं झालं असतं. साडेपाच वर्षं खातं त्याच्या मागे का गेलं नाही हे मी सुनावणीत विचारलं, साहेब नुसते हसले.

वर १८ टक्क्यांनी व्याज, ते सहा वर्षांचं म्हणजे मूळ रकमेपेक्षा जास्त. दंड १० टक्के किंवा १० हजार यातलं जे जास्त ते, सेंट्रलचं वेगळं स्टेटचं वेगळं, म्हणजे २० हजार. सगळे मिळून १ लाख ३५ हजारांच्या आसपास. तीन महिन्यांत अपील करता येत होतं, वादातल्या टॅक्सच्या १० टक्के भरून. मी कंटाळलो होतो, जानेवारीत सगळे भरून मोकळा झालो. आणि मग जीएसटी कायद्यात १२८ए कलम आलं. २०१७-१८ ते २०१९-२० च्या अशाच, म्हणजे फसवणुकीचा आरोप नसलेल्या केसेसमध्ये नुसता टॅक्स ३१ मार्च २०२५ पर्यंत भरा, व्याज आणि दंड माफ. पण ज्यांनी आधीच भरलंय त्यांना परतावा नाही! आमच्या समोरच्या दुकानदाराने अपीलात घोंगडं भिजत ठेवलेलं, त्याने अपील मागे घेतलं, नुसता टॅक्स भरला आणि सुटला. आता तो मला रोज चहा पाजतो आणि रोज त्यावरून चिडवतो. सरकारने वेळेवर भरणाऱ्याची अशी टिंगल करू नये, एवढं तरी तुम्ही अग्रलेखात लिहा.

ऑडिटचंही थोडं लिहितो कारण नोटिशीपेक्षा लोक त्याला जास्त घाबरतात. माझ्या साडूंचं भवानी पेठेत हार्डवेअरचं दुकान, त्यांना एडीटी-०१, म्हणजे ऑडिटची नोटीस, आली. किमान १५ कामाच्या दिवसांची आगाऊ सूचना असते, आणि सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत संपवायचं असतं, फार तर आणखी सहा महिने वाढवता येतात. साडू म्हणाले, माझं सगळं क्लीन आहे. क्लीन होतंच, पण 'गाडीभाडं' नावाचं एकच खातं आणि त्यात ट्रान्सपोर्टची बिल्टी, छोटा टेम्पो, हातगाडी, हमाली सगळं एकत्र. बिल्टी देणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या भाड्यावर आरसीएम लागतो, पैसे देणाऱ्यानेच ५ टक्के भरायचे. पण नुसता टेम्पोवाला, जो बिल्टी देत नाही, त्याच्यावर लागत नाही. ऑडिटवाल्यांनी सरळ सगळ्या खात्यावर ५ टक्के काढले. मग साडू, त्यांची सून आणि मी, दोन रात्री सतरंजीवर बसून व्हाउचर वेगळे करत होतो, हा टेम्पो, ही बिल्टी, ही हमाली. सुनेने तीन रंगांचे रबरबँड आणले होते. मागणी निम्म्याहून खाली आली. आता त्यांच्याकडे तीन वेगळी खाती आहेत.

बाकी तिथे जे निघालं ते सगळ्यांकडेच निघेल. दिवाळीला सुतारांना आणि प्लंबरना वाटलेल्या ड्रायफ्रूटच्या बॉक्सवर घेतलेलं क्रेडिट, ते गिफ्ट म्हणून चालत नाही. मालकाच्या कारवरचं क्रेडिट. सप्लायरला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट परत करावं लागतं, पैसे दिल्यावर पुन्हा घेता येतं, हे तर साडूंना पहिल्यांदाच कळलं. ऑडिटच्या आधीच आपण आपल्याच वह्या परक्यासारख्या बघितल्या तर यातलं निम्मं सापडतं, आणि स्वतःहून डीआरसी-०३ ने भरून टाकलं की बोलणं वेगळ्या सुरात होतं.

आयकराचं मी जास्त बोलत नाही, तो वेगळा खेळ आहे आणि आता चेहराच नाही त्याला, सगळं ऑनलाईन. एवढंच बघा की जीएसटीत दाखवलेली विक्री आणि आयकरात दाखवलेली विक्री एकच आहे का, आणि रिटर्न भरायच्या आधी एआयएस उघडून बघा, बँकेने आणि इतरांनी तुमच्याबद्दल काय काय कळवलंय ते त्यात असतं. आमच्या वहिनींना एफडीच्या व्याजावरून नोटीस आली, एआयएस उघडलं असतं तर आली नसती.

आणि व्हॉट्सॲपवर येणाऱ्या नोटिसा! परवाच गल्लीत एकाला आली, खाली शिक्का, सही, आणि 'आजच्या आज' पैसे भरायची लिंक. तो भरायला निघालेला. सेंट्रल जीएसटीच्या आणि आयकराच्या कागदावर डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख नंबर असतो (जीएसटी पोर्टलवरून निघालेल्या कागदावर २०२५ पासून त्याऐवजी आरएफएन नंबरही चालतो), तो त्यांच्या वेबसाईटवर टाकून तपासता येतो, आयकराच्या साईटवर तर त्याला लॉगिनही लागत नाही. आपल्या पोर्टलवर दिसत नाही आणि नंबरही जुळत नाही त्या नोटिशीला एक रुपया देऊ नका.

संपादक साहेब, माझी नोटीस पूर्ण इंग्रजीत होती आणि त्यातलं महत्त्वाचं वाक्य, उत्तराची तारीख, ते शेवटच्या परिच्छेदात दडलेलं. खात्याने एवढं करावं की पोर्टलवर काही टाकलं की दुकानाच्या पत्त्यावर एक साधं पोस्टकार्ड पाठवावं, मराठीत, नोटीस आली आहे, अमुक तारखेच्या आत उत्तर द्या. आणि तुम्ही रोज सोन्याचा भाव छापता, धरणातला पाणीसाठा छापता, तसं महिन्यातून एकदा, २० तारखेच्या आसपास जेव्हा सगळे थ्री-बी भरायला बसलेले असतात, एक छोटी चौकट टाका की दोन्ही मेनू उघडून बघा. जागा नसेल तर राशिभविष्याच्या खाली चालेल, आमच्या गल्लीत ते आधी वाचतात.

पत्र छापलंत तर नाव छापू नका, साडू रागावतील.

आपला,
एक जुना वाचक
तपकीर गल्ली, बुधवार पेठ, पुणे